विशे सर मीटिंगला जातात

भगीरथ विशे दारू पितात ही गोष्ट आटगावच्या आसपास एकाच माणसाला गुपित वाटत होती, आणि तो माणूस म्हणजे स्वतः भगीरथ विशे. बाकी सगळ्यांना ती ठाऊक होती. किराणावाल्याला ठाऊक होती, कारण सर आठवड्याला पाव किलो बडीशेप नेत. शाळेच्या शिपायाला ठाऊक होती, कारण सर बोलताना तोंड नेहमी खिडकीकडे करत. घरी तर बोलायलाच नको. त्यांची बायको योगिनी अंगणवाडी सेविका होती. दिवसभर पस्तीस पोरांच्या थापा ऐकून ओळखायची तिला सवय झाली होती. छत्तिसावी ऐकून घेण्याचा तिला कंटाळा येऊ लागला, तेव्हा तिनं विचारायचंच सोडून दिलं. सरांना वाटलं, आपलं पचलं.

पण एका मंगळवारी ते पचेना. सव्वीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या सरांनी त्या दिवशी मधल्या सुट्टीत पहिल्यांदाच 'थोडीशीच' घेतली आणि पाचव्या तासाला नववी ब मध्ये मध्यमपदलोपी समास शिकवायला घेतला. समास फळ्यावर राहिला आणि मधल्या मध्ये सरच लोपले. जाग आली तेव्हा वर्ग रिकामा होता. पोरं दंगा करत पळाली असती, तर दोघातिघांना बडवून सरांनी विषय मिटवला असता. पण पोरं चपला हातात घेऊन, पाऊल न वाजवता गेली होती. कुणीतरी सरांच्या नाकावरचा चष्मा अलगद काढून, घडी घालून हजेरीवर ठेवला होता. चव्वेचाळीस पोरांनी मिळून मास्तरावर दया केली होती. मस्तीला शिक्षा असते, दयेला शाळेच्या नियमांत कुठलीच शिक्षा सापडत नाही. सर त्या रिकाम्या बाकांसमोर घंटा होईपर्यंत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते शहापूरला एका डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पोट दाबलं, डोळे पाहिले, हात समोर धरायला सांगितले. हात परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखे जागेवर थांबेनात.

"एकदम तोडू नका, झटके येतात," डॉक्टर म्हणाले. "या गोळ्या लिहिल्यात तशाच घ्या आणि आठवड्यानं दाखवायला या. आणि मीटिंगला जा."

"कसली मीटिंग?"

"दारू सोडणारे लोक जमतात. एकमेकांशी बोलतात."

"काय बोलतात?"

"ते मला काय माहीत? मी पीत नाही," असं डॉक्टर जरा जास्तच अभिमानानं म्हणाले आणि त्यांनी चिठ्ठीमागे एक फोन नंबर लिहून दिला.

सरांनी फोन शाळेच्या पाण्याच्या टाकीमागून केला. पलीकडे मुंबईचा कुणी सज्जन माणूस होता.

"बोला. नाव सांगायची गरज नाही."

"मी भगीरथ सावळाराम विशे, एम.ए., बी.एड.," सर म्हणाले. बिननावाचं बोलायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"सर, आमच्यात नाव गुप्त ठेवतात. पहिलं नाव पुरे. भगीरथ, बरोबर?"

आई गेल्यापासून त्यांना नुसतं भगीरथ कुणीच म्हटलं नव्हतं. सरांना राग यावा की रडू यावं हे ठरेना, म्हणून त्यांनी पत्ता विचारला.

"शहापूर. दर रविवारी, पाच वाजता. देवळाजवळचा हॉल."

"कुठलं देऊळ?"

"यादीत एवढंच आहे."

"हॉल कुणाचा?"

"तेही नाही लिहिलेलं."

म्हणजे गुप्तता चोख होती. ती इतकी चोख होती की ज्याला यायचं त्यालाही कळू नये.

आता रविवारी संध्याकाळी सर नेहमी काळूरामच्या हॉटेलाच्या मागल्या खोलीत बसत. सोबतीला शेजारचा सुनिल, भातसानगरला धरणावर कामाला असलेला. त्याला न येण्याचं कारण सांगणं भाग होतं. सरांनी त्याला विश्वासात घेऊन सांगितलं. सुनिलनंही तीन-चार जणांना विश्वासात घेतलं. शुक्रवारी सकाळपर्यंत सगळी आळी विश्वासात आली होती.

पंधरा वर्षं सर पीत होते तेव्हा कुणी एका शब्दानं सल्ला दिला नाही. सोडतो म्हटल्यावर मात्र लोकांना कंठ फुटले. कुणी म्हणालं सिद्धगडाच्या रानातलं एक मूळ आहे, ते उगाळून घ्यायचं. त्यानं दारू सुटते, क्वचित केसही सुटतात. समोरच्या काजलवहिनींच्या माहेरी कुणी पावडर देत असे. ती पिणाऱ्याच्या नकळत चहात घालायची असते, म्हणून त्यांनी ती सरांनाच आणून दिली आणि तुमच्या नकळत घ्या म्हणून बजावलं. सगळ्यांत शहाणा सल्ला सुनिलचा.

"सर, धरणाचे दरवाजे आमी एकदम नाय बंद करत. हळूहळू घेतो. तुमी आधी बियरवर या." मग जरा थांबून तो म्हणाला, "आणि वाईट नका वाटून घेऊ, पण तुमी नाय आला तर मी कोणासंगं बसू?"

पंधरा वर्षांत सुनिलशी आपण दारू सोडून काय बोललो, हे आठवायचा त्यांनी रात्री प्रयत्न केला. एक पावसाळा आणि दोन क्रिकेटच्या मॅचेस एवढंच आठवलं.

रविवारी त्यांनी करोनातला मास्क शोधून लावला, कानटोपी घातली आणि कुणी ओळखू नये अशा बेतानं शहापूरच्या जीपमध्ये बसले. जीप चालवत होता रितेश, दहावीला मराठीत दोनदा राहिलेला.

"सर, मास्क का लावला? करोना परत आला काय?"

जीपमधले अकराही जण वळून पाहू लागले. "मीटिंग आहे," सर मास्कमधून पुटपुटले.

"दारूची ना? देवळाजवळ? मला माहीत हाय. दारात सोडतो तुम्हाला."

ही मीटिंग एवढी प्रसिद्ध आहे हे ऐकून सरांना धीर आला. रितेशनं खरंच दारात सोडलं. दारावर मोठा फलक होता, पण मास्कच्या वाफेनं चष्मा धुकटला होता आणि सरांना एवढंच दिसलं की फलक आहे. ते आत गेले. आत सतरंजीवर चाळीसेक बायका बसल्या होत्या. पुरुष एकही नाही.

सरांना गलबलून आलं. शहापूर तालुक्यात इतक्या बायका पितात? आणि आपण स्वतःलाच दुःखी समजत होतो!

"या सर, या! एक तरी पुरुषमाणूस आला!" पुढून एक ठसठशीत बाई उठल्या. त्या धोंडूबाई. त्यांनी सरांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "दोन शब्द बोला. लाजू नका, सगळी आपलीच हायत."

सर उठले. आठवडाभर गोळा केलेला सगळा धीर त्यांनी घशाशी आणला, मास्क काढला आणि म्हणाले, "मी भगीरथ. दारूनं माझं वाटोळं केलंय."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. त्याच वेळी मास्क निघाल्यामुळे चष्म्यावरची वाफ विरली आणि समोरच्या भिंतीवरचं कापड त्यांना स्वच्छ दिसलं. दारूबंदी महिला मोर्चा. गावठीचे अड्डे उद्ध्वस्त करा.

"म्हणजे," सर म्हणाले, "दारूनं माझ्या समाजाचं वाटोळं केलंय."

आयुष्यात एकदा तोंडून निघालेलं खरं वाक्य त्यांनी दीड सेकंदात परत घेतलं. पुढचं सगळं मग सोपं होतं. सर पाऊण तास बोलले. व्यसन आणि व्यासंग, प्याला आणि पेला, कोटीवर कोटी. टाळ्या पडल्या. शाल आली, नारळ आला, फोटो निघाले, आणि हात वर करून तालुका व्यसनमुक्ती समितीच्या अध्यक्षपदी विशे सरांची एकमतानं निवड झाली.

निघताना धोंडूबाई दारापर्यंत आल्या. त्यांनी सरांच्या थरथरत्या हातातल्या नारळाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "माझा नवरा जाऊन चार वर्सं झाली," त्या हळूच म्हणाल्या. "तो पण असाच ग्वाड बोलायचा."

सर घरी पोचायच्या आधी फोटो घरी पोचला होता. योगिनी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर करून शालीकडे पाहिलं.

"शाल चांगली आहे," ती म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली.

ती भांडली असती तर सर घरात थांबले असते. ते शाल न काढताच बाहेर पडले. काळूरामनं अध्यक्षांसाठी म्हणून खुर्ची फडक्यानं पुसून दिली. सुनिलला खरोखरच आनंद झाला होता, आणि त्या आनंदाचंच सरांना जास्त वाईट वाटलं. शालीचा एक पदर ग्लासात बुडाला. पुढचं काही सांगण्यासारखं नाही.

बुधवारी मुंबईच्या सज्जनांचा फोन आला. शहापूरची मीटिंग बंद पडल्याचं त्यांना आत्ता कळलं होतं. आता मुरबाडला, रविवारी चार वाजता, समाजमंदिरामागची खोली. सरांनी खाकरून रविवारी प्यायल्याचं कबूल केलं. उपदेश होईल, निदान उसासा तरी येईल असं त्यांना वाटलं होतं. पलीकडून नुसतं "बरं. या रविवारी जा" एवढंच आलं. आपल्या अधःपतनाचं कुणाला नवलही वाटू नये, हे सरांना फार लागलं.

डॉक्टरांनी मात्र रागावून गोळ्या पहिल्यापासून सुरू करायला लावल्या.

शहापूरहून मुरबाडची एसटी किन्हवली, सरळगाव करत जाते. म्हणजे जायची असते. त्या रविवारी ती किन्हवलीच्या पुढे रस्त्यातच उभी राहिली. ड्रायव्हर उतरून खाली वाकला, कंडक्टर वाकला, मग सगळे प्रवासी आळीपाळीनं वाकून पाहून आले. सरही वाकले. काय पाहायचं ते कुणालाच कळलं नाही, पण पाऊण तासानं गाडी आपणहून सुरू झाली. पावणेपाचला सर समाजमंदिरामागे पोचले तेव्हा खोलीला कुलूप होतं, आणि पायरीवर एक काटकुळा माणूस मांडीवर पिशवी घेऊन बसला होता.

"मीटिंग?" सरांनी विचारलं.

"हीच," तो म्हणाला आणि पायरीवर सरकून जागा केली. "मी वाळू."

वाळूचं घर सिद्धगडाच्या पायथ्याला एका पाड्यावर होतं. भात, नाचणी आणि मिळेल तेव्हा बांधकामावर काम. आधी इथं चौघं यायचे. एक नाशिककडे कामाला गेला, एक परत प्यायला लागला आणि एक वारला. तेवढ्यात खोलीही गेली.

"ती का गेली?"

"अर्जावर नाव पायजे बोलले. आमी बोललो, आमच्यात नाव देत नाय. तर कारकून बोलला, नाव नाय त्याला खोली नाय. मग आमच्यातल्या एका शिकलेल्यानं नावाच्या जागी क्ष लिवला. तो बोलला, क्षचं आधार कार्ड आणा."

"मग तुम्ही एकटेच?"

"नऊ रविवार झाले."

"एकटे काय करता?"

"बसतो. पाच वाजले का जातो." मग त्यानं पिशवीतून झेरॉक्सचे चुरगळलेले कागद काढले. "वाचायचे असतात. मला वाचता येत नाय. वाचणारा होता त्यो वारला."

सरांनी कागद घेतले. लोकांनी सांगितलेल्या आपापल्या हकिगती होत्या, भाषा अगदीच बेताची. पहिल्याच ओळीत दोन चुका होत्या आणि सरांचा हात सवयीनं खिशातल्या लाल पेनाकडे गेला. वाळू डोळे मिटून ऐकत होता. सरांनी पेन परत खिशात ठेवलं आणि वाचत राहिले.

"आता तुमी बोला," वाळू म्हणाला.

सर सावरून बसले. "मानवी जीवनात मद्य हा एक असा शत्रू आहे, की जो—"

"ह्ये नको, सर. मागल्या रविवारी काय झाला त्ये सांगा."

सरांनी कागद घडी करून पिशवीत ठेवले. मग म्हणाले, "दारूबंदीचा अध्यक्ष झालो. आणि त्याच संध्याकाळी शाल पांघरून प्यायलो."

वाळू हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. सर संतापून उठले, चार पावलं चालून गेले. मग एसटी साडेसहाशिवाय नाही हे आठवून परत आले आणि बसले. वाळूनं डोळे पुसले. "मी भावाच्या दहाव्याला प्यायलो हुतो," तो म्हणाला. "पिंडाजवळची. आणि कावळा शिवत नाय म्हणून रडत हुतो."

साडेसहापर्यंत दोघे तिथंच बसले. काय बोलले ते त्यांच्यापाशीच राहिलं.

तो आठवडा सरांनी कोरडा काढला. कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. गोळ्या होत्या, घाम होता, पहाटेचे चार होते. योगिनीला ते काही बोलले नाहीत. तिनं अशा सुरुवाती इतक्या पाहिल्या होत्या की आणखी एक दाखवायची त्यांना लाज वाटली.

रविवारी ते पावणेचारलाच पायरीवर हजर होते. चार वाजले, साडेचार वाजले. वाळू आला नाही. नऊ रविवार एकट्यानं बसलेला माणूस दहावा चुकवील कसा? पाचला सर उठले, नाक्यावर चौकशी केली आणि सिद्धगडाकडे जाणाऱ्या एका जीपमध्ये बसले. जीपनं जिथं सोडलं तिथून पाडा अर्ध्या तासाच्या चढावर होता. सरांना चढाची सवय नव्हती. त्यांनी तीनदा परत फिरायचं ठरवलं, पण उतारही तेवढाच दमवणारा वाटला म्हणून वरच गेले.

वाळूचं घर कुडाचं होतं. त्याची बायको राही अंगणात नाचणी पाखडत होती. सरांनी ओळख सांगितली तशी तिचे हात थांबले.

"तुमी ते वाचणारे सर? आत हाय बघा. काल हळद हुती चुलत्याकडं. दहा महिने टिकला हुता."

वाळू ओटीवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. वास दारापर्यंत येत होता. सरांच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याच क्षणी त्यांना स्वतःची इतकी किळस आली की ते चौकट धरून उभे राहिले.

"सर, आज नाय," वाळू वळून न पाहता म्हणाला. "आज मी माणसात नाय. जावा तुमी."

चुकलेल्या माणसाचं काय करायचं हे सर सव्वीस वर्षं जाणत आले होते. त्याला उभं करायचं, बोलायचं, लाज आणायची. आज त्यातलं एकही वाक्य जिभेवर येईना. ते खाली बसले. खुंटीवरची पिशवी काढून त्यांनी कागद घेतले आणि वाचायला सुरुवात केली. वाळू ऐकत होता की झोपला होता, कळत नव्हतं. राही सूप घेऊन दाराशी येऊन बसली आणि ऐकू लागली. तिसरं पान संपलं तेव्हा उन्हं सिद्धगडाच्या माथ्यावरूनही उतरली होती आणि परतीची शेवटची जीपही गेली होती.

सरांनी फोन काढला. रेंज फक्त गोठ्याच्या कोपऱ्यात येत होती. ते शेणात पाय सांभाळत उभे राहिले.

"योगिनी, मी सिद्धगडाच्या पायथ्याशी आहे. गाडी चुकली."

बोलून झाल्यावर सरांना उमगलं, की गेली पंधरा वर्षं दर वेळी आपण हेच दोन शब्द बोलत आलो आहोत. गाडी चुकली. आज ती खरोखर चुकली होती आणि त्यासाठी वेगळे शब्द मराठीच्या शिक्षकालाही सापडत नव्हते.

"प्यायलात का?" योगिनीनं विचारलं. कित्येक वर्षांनी विचारलं.

"नाही."

"बरं," ती म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि त्यात तिची काहीच चूक नव्हती. सर फोन ठेवणार इतक्यात ती म्हणाली, "तिथं कुणी बाईमाणूस आहे का? तिला द्या फोन."

एम.ए., बी.एड. झालेल्या, एकमतानं निवडून आलेल्या अध्यक्षाला आता गोठ्यात उभं राहून दाखला आणायचा होता. सरांनी मान खाली घातली आणि राहीला हाक मारली. राहीनं पदराला हात पुसले, फोन घेतला, आणि आधी सरांच्या अगदी जवळ येऊन नाक वर करून वास घेतला.

"नाय ताई," ती फोनमध्ये म्हणाली. "तुमचा नाय प्यायलेला. आमचा प्यायलाय."

सर ओटीवर येऊन बसले. वाळूनं डोकं उचललं.

"कोण हाय फोनवर?"

"माझ्या घरची."

"काय बोलतायत दोघी?"

"आपल्याबद्दल."

वाळूनं गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. बाहेरून राहीचा आवाज तुटक येत होता. "चौदा वर्सं… हां, आमच्यात पण तसाच… नाय गो, मी बी कुणाला नाय सांगत." सर उठून दाराशी गेले. राही आता उभी नव्हती. गोठ्याच्या कोपऱ्यातल्या दगडावर ती बसली होती, घराकडे पाठ करून, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून. गाय तिच्या पदराला तोंड लावत होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"रडू नको," ती म्हणत होती. "मला काय घाई नाय. तू बोल गो, मी ऐकते."